आपल्याला शोभेल तो पेहराव

अंगकाठी, वर्ण, हवामान आणि रोजचा वावर यांचा विचार करून कपड्यांचा संग्रह कसा उभारावा?

'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण मराठी घरांत सतत कानावर पडते. कपड्याने माणसाचे तेज वाढते हे खरे. पण कोणत्या कपड्याने कोणाचे वाढते, याचे उत्तर म्हणीत नाही. दुकानाच्या काचेमागे उभ्या असलेल्या पुतळ्याकडेही ते मिळत नाही, कारण पुतळ्याला लोकलने प्रवास करायचा नसतो, घाम येत नसतो आणि त्याचे वयही वाढत नसते. शहरी घरांतील कपाटे त्यामुळेच ओसंडून वाहतात आणि तरीही रोज सकाळी 'आज काय घालायचे?' हा प्रश्न उरतो. दिवाळीची खरेदी, लग्नसराईतील आहेर, सेलमध्ये स्वस्तात मिळाले म्हणून उचललेले कपडे आणि 'बारीक झाल्यावर घालू' म्हणून ठेवलेले कपडे यांची ती बेरीज असते. तिला संग्रह म्हणता येत नाही.

विषय वरवर पाहता हौसेचा आहे. पहिल्या पगारातून कार्यालयीन कपडे घेणाऱ्या तरुणासाठी मात्र तो पैशाचा असतो. 'तुझ्या रंगाला हे शोभत नाही' असे लहानपणापासून ऐकत आलेल्या मुलीसाठी तो आत्मविश्वासाचा असतो. पेहरावाचे हे सामाजिक वजन महाराष्ट्राला नवे नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर बोलताना साडी नेसण्याची पद्धत बदलण्याचा आणि जातीची खूण सांगणारे जाडजूड दागिने टाकून देण्याचा सल्ला दिला होता. वस्त्र माणसाला ठरावीक चौकटीत बसवू शकते, तसेच त्या चौकटीतून बाहेरही काढू शकते, हे त्यामागील भान होते. स्वतःचा पेहराव स्वतः ठरवणे ही म्हणूनच शिकण्यासारखी गोष्ट आहे आणि तिचे काही साधे नियम आहेत.

सुरुवात खरेदीने नको

नव्या संग्रहाची सुरुवात बाजारात न होता घरातील कपाटापासून व्हावी. सर्व कपडे बाहेर काढून त्यांचे चार ढीग करावेत: नेहमी घातले जाणारे, क्वचित पण नक्की लागणारे (लग्नकार्य, थंडी, पाऊस), दुरुस्तीने वापरात येऊ शकणारे आणि गेल्या वर्षभरात एकदाही न घातलेले. चौथा ढीग बहुधा सर्वांत मोठा निघतो. तो लगेच देऊन टाकण्याआधी प्रत्येक कपडा का घातला गेला नाही, हे पाहणे उपयोगाचे ठरते. काहींचा मुंढा काचतो, काहींचा रंग चेहरा मलूल करतो, काहींवर घालायला जुळणारा दुसरा कपडाच नसतो. ही कारणे कागदावर लिहिली, की पुढच्या खरेदीत कोणत्या चुका टाळायच्या याची यादी तयार होते.

पहिला ढीग त्याहून बोलका असतो. तेच तेच पाच-सहा कपडे माणूस पुन्हा पुन्हा का घालतो, हे नीट पाहिले तर त्यांत एखादा समान धागा सापडतो. गळ्याचा आकार, बाहीची लांबी, कापडाचा पोत किंवा रंगाची एखादी छटा त्या सगळ्यांत सारखी असते. व्यक्तीची स्वतःची शैली शोधण्यासाठी मासिकांतील छायाचित्रांपेक्षा हा पुरावा अधिक विश्वासार्ह आहे.

यानंतर आठवड्याचा हिशेब मांडावा. कार्यालयात किती दिवस, घरून काम किती दिवस, महिन्यातून समारंभ किती, व्यायाम किंवा फिरणे किती? ज्यांचे सहापैकी पाच दिवस कामावर जातात, त्यांच्या कपाटातील बहुतांश जागा समारंभाच्या कपड्यांनी व्यापलेली असेल, तर तो संग्रह त्यांच्या आयुष्याशी विसंगत आहे.

मापाची बाजू

कपडा शोभण्यात सर्वांत मोठा वाटा मापाचा असतो. साध्या कापडाचा पण नेमका बसणारा सदरा महागड्या पण ढगळ सदऱ्यापेक्षा नेहमीच उठून दिसतो. तयार कपड्यांच्या बाजारात इथेच अडचण येते. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक कपड्यांची मापे दीर्घकाळ ब्रिटन-अमेरिकेतील तक्त्यांवर बेतलेली होती. भारतीय शरीरयष्टीसाठी स्वतंत्र तक्ता असावा म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने (निफ्ट) 'इंडियासाइझ' हा प्रकल्प २०१८ मध्ये जाहीर केला. सहा शहरांतील १५ ते ६५ वयोगटातील २५ हजार लोकांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घेण्याची योजना त्यात होती आणि त्या शहरांत मुंबईचाही समावेश होता. दोन दुकानांतील 'एम' मापाचे कपडे एकाच व्यक्तीला वेगवेगळे बसतात, यात दोष शरीराचा नसून तक्त्याचा असतो. लेबलावरील अक्षराला म्हणूनच फार महत्त्व देऊ नये.

घरी मोजपट्टीने छाती, कंबर, नितंब, खांद्याची रुंदी, बाहीची लांबी आणि पूर्ण उंची ही सहा मापे वर्षातून एकदा घेऊन लिहून ठेवावीत. ऑनलाइन खरेदीत त्यांचा थेट उपयोग होतो. कपडा घालून पाहताना तपासणी खांद्यापासून सुरू करावी. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर यावी. ती दंडावर उतरत असेल किंवा मानेकडे चढत असेल तर तो कपडा ठेवून द्यावा, कारण खांदा दुरुस्त करणे म्हणजे जवळजवळ पूर्ण कपडा उसवून पुन्हा शिवणे होय. बटणे लावल्यावर छातीवर आडव्या चुण्या पडत असतील तर माप लहान आहे. हात वर केल्यावर अख्खा सदरा वर ओढला जात असेल तर मुंढा खूप खाली कापलेला आहे. सदऱ्याची कॉलर बंद केल्यावर आत दोन बोटे सहज जावीत.

याउलट बाहीची लांबी, पँटची उंची, कमरेचा एखादा इंच आणि कुर्त्याचा घेर या गोष्टी गल्लीतील शिंपी अल्प मोबदल्यात नीट करून देतो. अट एवढीच, की शिवणीत माया सोडलेली असावी. आतून उलटून पाहिल्यावर शिवणीलगत किमान अर्धा इंच कापड दिसले, तर तो कपडा पुढे सैल करता येईल असे समजावे. स्वस्त तयार कपड्यांत बचत केली जाते ती नेमकी या मायेत.

कापड घेऊन शिवणाऱ्यांसाठी दोन जुने नियम आजही लागू आहेत. सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, म्हणजे ते आधीच आटते. तसेच नव्या शिंप्याला शब्दांत समजावण्याऐवजी नेमका बसणारा एखादा जुना कपडा मापासाठी द्यावा. 'थोडा सैल' या शब्दाचा अर्थ प्रत्येक शिंप्याच्या मनात वेगळा असतो.

रंगाचे शास्त्र आणि रंगाचे पूर्वग्रह

रंग एकटा कधीच दिसत नाही. शेजारच्या रंगामुळे तो बदललेला भासतो. हा नियम पद्धतशीरपणे मांडला तो मिशेल शेव्ररुल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिसच्या गोबलँ या प्रसिद्ध कारखान्यात तो रंगाई विभागाचा प्रमुख होता. काही धाग्यांचा काळा रंग फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासाअंती रंगात दोष नसून शेजारी विणलेल्या रंगांमुळे काळा तसा दिसतो, असे त्याच्या ध्यानात आले. त्याचा याविषयीचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात पेहरावाच्या रंगांचा चेहऱ्याच्या वर्णावर होणारा परिणामही त्याने मांडला. चेहऱ्याला लागून असलेला कपडा, म्हणजे ओढणी, कॉलर, ब्लाउजचा गळा, हाच चेहऱ्यावर परिणाम करतो. पँट किंवा सलवार कोणत्याही रंगाची असली तरी फारसे बिघडत नाही.

१९८० मध्ये अमेरिकेत कॅरोल जॅक्सन यांच्या पुस्तकाने माणसांना वसंत, ग्रीष्म, शरद आणि शिशिर अशा चार ऋतूंत वाटून प्रत्येकाला रंगांची यादी देण्याची पद्धत घरोघरी पोहोचवली. समाजमाध्यमांमुळे तिला अलीकडे पुन्हा बहर आला आहे. मात्र ही पद्धत केस, डोळे आणि त्वचा या तिन्हींत मोठी विविधता असलेल्या गोऱ्या लोकसमूहांवर प्रामुख्याने आधारलेली होती. बहुतेक भारतीयांचे केस व डोळे गडदच असतात. त्यामुळे जुन्या मांडणीत बहुसंख्य भारतीय एकाच 'शिशिर' गटात ढकलले जातात आणि वर्गीकरणाचा उपयोगच उरत नाही. मनगटावरील शिरा हिरवट दिसतात की निळसर, यावरून वर्ण ठरवण्याची युक्तीही गडद त्वचेवर नीट चालत नाही.

त्यापेक्षा घरगुती चाचणी बरी. दिवसाच्या उजेडात, खिडकीसमोर, आरशापुढे उभे राहून आधी पांढरेशुभ्र आणि मग मोतिया किंवा बदामी कापड गळ्याशी धरावे. ज्या कापडासोबत डोळ्यांखालची काळजी वर्तुळे कमी जाणवतात आणि नजर कापडाऐवजी चेहऱ्यावर जाते, त्या कापडाच्या कुळातील रंग निवडावेत. शुभ्र पांढरा खुलत असेल तर राणी, जांभळा, गडद निळा, पाचूसारखा हिरवा हे रंग आधी पाहावेत. मोतिया खुलत असेल तर हळदी पिवळा, विटकरी, शेवाळी, आमसुली, अबोली यांकडे वळावे. दोन्हींत फरक वाटत नसेल तर ती व्यक्ती सुदैवी. मोरपंखी, डाळिंबी आणि चिंतामणी असे मधले रंग तिला निर्धास्तपणे वापरता येतात.

दुकानातील दिव्यांवर विश्वास ठेवू नये. पिवळ्या दिव्याखाली एकसारखे वाटणारे दोन रंग उन्हात वेगळे निघू शकतात. साडीच्या दुकानात जुन्या पिढीतील बायका साडी घेऊन दारापर्यंत येत आणि उजेडात ती उलगडून पाहत, त्यामागे हाच अनुभव होता. जुळणारे ब्लाउजपीस किंवा ओढणी घेताना मूळ कापड सोबत नेणे आणि दोन्ही दिवसाच्या उजेडात पाहणे, याला पर्याय नाही.

सावळ्या वर्णाला फिके रंगच घालावेत, भडक रंग टाळावेत, हा समज अनेक घरांत अजून टिकून आहे. दृष्टीच्या नियमांत त्याला आधार नाही. गडद त्वचेवर संपृक्त, भरदार रंग अतिशय खुलतात. उलट धुरकट, राखाडीकडे झुकणारे फिके रंग चेहरा निस्तेज करू शकतात. गोरेपणाची क्रीम विकणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'ला २०२० मध्ये आपल्या नावातील 'फेअर' हा शब्द वगळावा लागला, यावरून पूर्वग्रहाची पकड सैल होत असल्याचे दिसते; कपड्यांच्या दुकानात ती पूर्णपणे सुटायची आहे. 'मॅडम, तुमच्या रंगाला हे चालणार नाही' असे विक्रेत्याने म्हटले तरी आरशाचे मत आधी घ्यावे.

वयाचेही तसेच आहे. साठीनंतर फिकट रंगच वापरावेत हा नियम सौंदर्याचा नसून रूढीचा आहे, आणि विधवा स्त्रियांच्या बाबतीत तर तो दीर्घकाळ सक्तीचा होता. वयानुसार खरोखर बदलते ती एक गोष्ट: केस पांढरे झाल्यावर केस आणि चेहरा यांतील विरोध कमी होतो. काळ्याभोर केसांसोबत शोभलेला मोहरीपिवळा कदाचित आता साथ देणार नाही. मात्र निळा, गुलबक्षी, डाळिंबी हे रंग रुपेरी केसांसोबत आधीपेक्षाही देखणे दिसतात. केस पांढरे होऊ द्यायचे ठरवणाऱ्यांनी कपाटातील रंगांची तपासणी नव्याने करावी.

रेषा, काठ आणि उंची

आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतो, हे वाक्य जवळजवळ धर्मवाक्य झाले आहे. प्रत्यक्षात जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते, की आडव्या रेषांनी भरलेला चौकोन उभ्या रेषांच्या चौकोनापेक्षा उंच व अरुंद भासतो. ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाचे पीटर थॉम्पसन यांनी २००८ मध्ये हाच प्रश्न कपड्यांच्या संदर्भात तपासला आणि आडव्या पट्ट्यांनी जाडी वाढल्याचा भास होत नाही, असा निष्कर्ष मांडला. ज्यांना पट्ट्यांचा टीशर्ट आवडतो, त्यांनी तो निःशंकपणे घालावा.

पट्ट्यांपेक्षा महत्त्वाचे असते ते कपडा शरीराला कुठे छेद देतो हे. नजर कडेवर थांबते. कुर्त्याची उंची नितंबांच्या सर्वांत रुंद भागावर संपत असेल तर लक्ष तिथेच जाते. दोन इंच वर किंवा खाली संपली तर तोच कुर्ता वेगळा दिसतो. बाहीचेही असेच. दंडाच्या सर्वांत भरलेल्या भागावर संपणारी बाही दंड ठळक करते, कोपरापर्यंतची किंवा पाऊण बाही तो सौम्य करते. उंची कमी असणाऱ्यांनी वरचा व खालचा कपडा जवळपासच्या छटांत ठेवला, तर नजर मध्ये अडखळत नाही. अतिशय उंच, सडसडीत व्यक्तींना विरोधी रंगांची जोडी चांगली दिसते.

साडीत हे सगळे काठावर ठरते. एक वीतभर रुंद काठ ठेंगण्या अंगकाठीला खाली ओढतो. अरुंद काठ आणि लहान बुट्टी तिला सुटसुटीत ठेवतात. कडक खळ दिलेली सुती साडी, टिश्यू आणि ऑर्गेन्झा अंगापासून दूर फुगतात, म्हणून कृश बांध्याला भरीवपणा देतात. शिफॉन, जॉर्जेट आणि मऊ रेशीम अंगासरशी बसतात. नेसण्याच्या पद्धतीतही पुष्कळ वाव आहे. रिता कपूर चिश्ती यांनी देशभरातील साडी नेसण्याच्या १०८ पद्धतींची नोंद केली आहे. आज 'नेहमीची' वाटणारी, ब्लाउज-परकरासह नेसायची गोल साडीदेखील एकोणिसाव्या शतकात घडत गेलेली आहे. मुंबई इलाख्यात राहिलेल्या ज्ञानदानंदिनी देवी टागोर यांनी येथील पारशी पद्धतीवरून प्रेरणा घेऊन घडवलेल्या रूपाचा त्यात मोठा वाटा मानला जातो. सोयीनुसार नेसण बदलणे ही परंपरेचीच रीत आहे.

आपल्या शरीरातील काय झाकावे, एवढाच विचार करणारा माणूस कपड्यांत कायम अवघडलेला दिसतो. त्याऐवजी काय दाखवावे, याचा निर्णय आधी घ्यावा. सुरेख मान असेल तर गळा मोकळा ठेवावा, मनगटे नाजूक असतील तर बाही दुमडावी, खांदे रुंद असतील तर साध्या, अलंकाररहित खांद्याचा सदरा घ्यावा. उरलेल्याकडे मग कोणाचे लक्ष जात नाही.

कापड हवेप्रमाणे

मुंबईची दमट हवा, पुण्याची कोरडी थंडी आणि नागपूरचा ४५ अंशांपर्यंत जाणारा उन्हाळा यांना एकच कपाट पुरत नाही. कापड किती ओलावा शोषते, यावर सुख अवलंबून असते. सर्वसाधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के, तर रेशीम व व्हिस्कोस त्याहूनही अधिक ओलावा धरून ठेवतात. पॉलिएस्टरच्या बाबतीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. म्हणून मे महिन्यात लोकलच्या गर्दीत पॉलिएस्टरचा सदरा अंगाला चिकटतो. पावसाळ्यात मात्र हेच गुण उलटे होतात. सुती कपडा दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरतो, तर मिश्र धाग्याचा कपडा रात्रीत वाळतो. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्यासाठी सुती-पॉलिएस्टर मिश्रणाचे तीन-चार कपडे, गडद रंगाच्या आखूड पँट किंवा सलवारी आणि भिजले तरी चालतील असे जोडे यांचा वेगळा संच ठेवणे व्यवहार्य ठरते.

कापड ओळखताना लेबलाइतकाच हाताचा उपयोग करावा. कापडाचा कोपरा मुठीत घट्ट दाबून सोडला आणि चुण्या तशाच राहिल्या, तर रोज इस्त्री लागणार हे गृहीत धरावे. उजेडासमोर धरून विणीत फटी दिसतात का, शिवणीपाशी कापड ताणल्यावर धागे सरकतात का, हेही पाहावे. रेशमासाठी २००४ पासून 'सिल्क मार्क' आणि हातमागासाठी २००६ पासून 'हँडलूम मार्क' ही चिन्हे उपलब्ध आहेत. महाग साडी घेताना ती मागण्यात संकोच नको. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलट्या बाजूनेही जवळपास तितकाच स्वच्छ दिसतो. मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले तर ती यंत्रावर विणलेली असण्याची शक्यता दाट असते.

मोजके कपडे, अनेक जोड्या

लंडनमधील 'वॉर्डरोब' या दुकानाच्या संचालिका सुझी फो यांनी १९७०च्या दशकात 'कॅप्सूल वॉर्डरोब' ही कल्पना रूढ केली. अमेरिकेच्या डोना करन यांनी १९८५ मध्ये एकमेकांशी जुळणाऱ्या सात कपड्यांचा संच सादर करून ती जगभर नेली. मोजके, टिकाऊ, आपसांत जुळणारे कपडे गाभ्याला ठेवावेत आणि हौसेचे कपडे त्यांच्याभोवती वाढवावेत, असे तिचे सार आहे. त्यांच्या यादीतील कोट व स्कर्ट इथे उपयोगाचे नाहीत. हिशेबाची रीत मात्र उपयोगी आहे.

चार खालचे आणि आठ वरचे कपडे सर्व एकमेकांशी जुळत असतील, तर ३२ जोड्या होतात. त्याच बारा कपड्यांत प्रत्येक वरचा कपडा एकाच खालच्या कपड्यावर चालत असेल, तर जोड्या होतात फक्त आठ. तयार 'सेट' घेण्याचा तोटा हाच आहे. नवा कपडा घरातील किमान तीन कपड्यांशी जुळतो का, ही कसोटी प्रत्येक खरेदीला लावावी.

कार्यालयात जाणाऱ्या स्त्रीसाठी गडद निळी, काळी, मोतिया आणि विटकरी अशा चार सलवारी किंवा पँट, सहा ते आठ कुर्ते, तीन ओढण्या, दोन सुती आणि एक मऊ रेशमी साडी, तसेच काळे, सोनेरी आणि एक आवडीच्या रंगाचे असे तीन ब्लाउज एवढ्यावर वर्षातील बहुतेक दिवस निभावतात. खणाचे एक ब्लाउज साध्या साडीचे रूप पालटते. पुरुषांसाठी पाच-सहा सदरे (त्यांतील दोन पांढरे व फिके निळे), तीन पँट, एक जीन्स, दोन टीशर्ट, एक सुती कुर्ता, एक बंडी आणि एक बंदगळा किंवा कोट पुरेसा ठरतो. सहा दिवसांचे काम आणि आठवड्यातून एकदा इस्त्री असे चक्र असेल, तर कामाचे आठ कपडे हवेतच. पावसाळ्यात दोन अधिक.

महाराष्ट्रातील सणांचे वेळापत्रक या संग्रहात धरावे लागते. मकर संक्रांतीला काळे वस्त्र लागते. नवरात्रात वर्तमानपत्रांनी लोकप्रिय केलेले नऊ दिवसांचे नऊ रंग आता कार्यालयांत व लोकलच्या डब्यांतही पाळले जातात. त्यासाठी नऊ कपडे विकत घेण्याची गरज नाही. पांढऱ्या किंवा काळ्या कुर्त्यावर त्या रंगाची ओढणी पुरते, आणि मैत्रिणींनी आपसांत केलेली अदलाबदल तर त्याहून सोयीची.

किंमत कशी मोजावी

कपड्याची खरी किंमत चिठ्ठीवरील आकड्याने ठरत नाही, ती किती वेळा अंगावर चढला यावर ठरते. उदाहरणार्थ, ६०० रुपयांचा कुर्ता चार धुण्यांत विटला, तर प्रत्येक वापर १५० रुपयांना पडला. १८०० रुपयांचा कुर्ता ६० वेळा घातला, तर तो ३० रुपयांना पडतो. रोजच्या कपड्यांवर अधिक आणि क्वचित लागणाऱ्या कपड्यांवर कमी खर्च करणे हा यातून निघणारा निष्कर्ष बहुतेक घरांतील रिवाजाच्या अगदी उलट आहे. आईची किंवा सासूबाईंची रेशमी साडी नव्या ब्लाउजसह नेसणे, समारंभाचा पोशाख भाड्याने घेणे हे मार्ग म्हणूनच विचारात घ्यावेत. खरेदीचा निर्णय एक रात्र पुढे ढकलला, तर अनेक मोह सकाळपर्यंत ओसरतात.

निगा आणि निरोप

जरीच्या साड्या प्लॅस्टिकमध्ये न ठेवता मलमलच्या किंवा जुन्या सुती कापडात गुंडाळाव्यात आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर घडीवर जर तुटते. डांबरगोळ्या कापडाला थेट लागू देऊ नयेत. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर कपाट एकदा उघडे ठेवून वारा द्यावा. गडद रंगाचे कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत. सुटलेले बटण आणि उसवलेली दुमड त्याच आठवड्यात शिवून घ्यावी. दुरुस्तीच्या ढिगात गेलेला कपडा सहसा परत येत नाही.

जुन्या कपड्यांना निरोप देण्याच्या रीती मराठी घरांत आधीपासून आहेत. मऊ सुती साड्यांची गोधडी होते, जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडी देते, काठ कापून नव्या कुर्त्याला लावता येतो. घालण्याजोगे कपडे धुऊन, बटणे लावून द्यावेत. फाटके कपडे दान म्हणून देणे हा घेणाऱ्याचा अवमान आहे.

थोडक्यात
• खरेदीपूर्वी कपाटाची झडती घ्यावी आणि न घातलेल्या कपड्यांची कारणे लिहावीत.
• खांदा बसला नाही तर कपडा घेऊ नये. उंची व घेर दुरुस्त होतात.
• रंगाचा विचार चेहऱ्याजवळच्या कपड्यापुरता करावा, आणि तोही दिवसाच्या उजेडात.
• नवा कपडा तीन जुन्या कपड्यांशी जुळला पाहिजे.
• रोजच्या कपड्यांवर अधिक, क्वचितच्या कपड्यांवर कमी खर्च करावा.
• 'बारीक झाल्यावर' घालायचे कपडे ठेवू नयेत; आजच्या शरीराला आज नीट बसणारा कपडा द्यावा.

यातील शेवटचा मुद्दा पाळणे सर्वांत अवघड असते. न बसणारे कपडे रोज सकाळी माणसाला त्याच्या उणिवांची आठवण करून देतात. ते बाहेर गेले आणि उरलेला प्रत्येक कपडा नेमका बसणारा असला, की तयार व्हायला दहा मिनिटे पुरतात. उरलेला वेळ व पैसा इतर कामी येतो, आणि दिवसभरात आपण कसे दिसतो याचा विचार पुन्हा करावा लागत नाही.